अंगणातली सळाख

होळी झाली आणि महादेवराव ढोल्यांची म्हैस अंगणातल्या टाक्यावर पाणी पिईना झाली. बादलीतलं पीत होती, हापशीवर नेली तर नाक बुडवून पीत होती, पण घरच्या टाक्याशी आणली की कान मागे टाकायची, पुढचे पाय आखडून घ्यायची आणि दाव्याला ओढ देऊन मागे सरायची. त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, टाकं राखेनं घासून काढलं. मग मिरच्या ओवाळल्या. मग तिवस्याहून जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं म्हशीचं तोंड उघडून पाहिलं, पुडी दिली, चहा घेतला आणि गेला. शेवटी महादेवरावांनी स्वतःच निदान केलं की म्हैस माजली आहे.

निदान कोणाचंही असो, बादल्या आल्या त्या सुभद्राबाईंच्या हातात. सकाळ-संध्याकाळ टाक्यातून बादली भरायची, गोठ्यात न्यायची आणि म्हशीपुढे धरून उभं राहायचं. बाई साठीकडे झुकलेली, आणि पायांना आधीच वात. टाक्यापाशी भांडी घासायला बसली की तळव्यांतून मुंग्या चढत आणि पार पोटऱ्यांपर्यंत येत. तिनं हे नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. त्यांनी अचलपूरला एसटीनं जाऊन हकिमाचं तेल आणून दिलं, नाही असं नाही. पण तेल संपलं तरी मुंग्या राहिल्या, तेव्हा कामाच्या वक्ताला हिला बरा वात येतो, असं चार माणसांत बोलून त्यांनी विषय मिटवला. त्यानंतर सुभद्राबाई पायाबद्दल बोलल्या नाहीत.

आता त्या सळाखीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्यामुळे झालं. दोन उन्हाळ्यांपूर्वी वादळात गल्लीच्या खांबावरची एक तार तुटली. घरात यायला दोन तारा लागतात, एकीनं वीज येते आणि दुसरीनं परत जाते. तुटली ती परतीची, न्यूट्रल. तिवस्याच्या वीज ऑफिसात अर्ज गेले, माणूस आला नाही. तेव्हा देवीदास इंगळे पुढे झाला. आमच्या बोरगव्हाण गावात कोणाच्याही घरी पंखा अडला, मोटर जळली, बत्ती गेली की देवीदासलाच हाक मारत. परवाना-बिरवाना काही नव्हता, पण भर पावसात हाक मारली तरी यायचा, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. त्यानं दर अंगणात, ओल असेल तिथे, ढोल्यांकडे टाक्याशेजारी, एकेक लोखंडी सळाख ठोकली आणि घरातली परतीची तार तिला बांधून दिली. वीज घरात यायची आणि सळाखीतून मातीत जायची. बत्ती लागली. वरून असं झालं की ह्या जोडणीत मीटरची चकती फिरायची थांबली.

मग ती तार दुरुस्त व्हावी असं कोणाला वाटणार? त्या सालांत आमच्या भागाचं नाव पेपरात रोज यायचं, आणि चांगल्या कारणासाठी कधीच नाही. मुंबईचे साहेब गाड्यांतून येत, बांधावर उभे राहून फोटो काढत, कसलं तरी पॅकेज जाहीर करून जात. बोरगव्हाणच्या हाती त्यातलं काय लागलं असेल तर हे थांबलेलं मीटर, आणि तेही देवीदासनं दिलेलं.

फक्त उन्हाळ्यात माती वाळली की बत्ती मंद व्हायची. त्यावर बायकांनी उपाय काढला. संध्याकाळी लाइन आली की मिठाच्या पाण्याचा तांब्या सळाखीच्या बुडाशी ओतायचा. बत्ती लगेच उजळायची. आधी तुळशीला पाणी आणि मग सळाखीला, असा गल्लीत बारमाही क्रमच पडला, आणि नव्या सुनांना तो घरचा रिवाज म्हणून शिकवू लागले.

सीमालाही तसाच शिकवला. ती ढोल्यांच्या कुलदीपची बायको, माहेर धामणगाव रेल्वे. लग्न ठरताना पोरगी आयटीआय झाली आहे असं सांगण्यात आलं होतं, आणि पोरगी आयटीआय म्हणजे शिवणकाम, असं ढोल्यांकडे सगळ्यांनी धरून टाकलं. लग्नानंतर शेजारची गंगूबाई ब्लाउजपीस घेऊन आली तेव्हा सीमानं सांगितलं की ती वीजतंत्री झाली आहे, कापसाच्या जिनिंगमध्ये उमेदवारी केली आहे आणि तिच्याकडे घरांच्या वायरिंगचा सरकारी परवाना आहे. गंगूबाईनं कापड घडी करून काखेत घातलं आणि ढोल्यांची फसवणूक झाल्याची बातमी दुपारपर्यंत गल्लीभर पोचवली. महादेवराव त्यावर सुनेला एवढंच म्हणाले की झालं ते झालं, इथं तसली कामं करायची नाहीत, देवीदास आहे. टेस्टर, पक्कड, पेचकस सगळं लग्नातल्या पातळांखाली पेटीत गेलं.

सीमानंही पहिल्या हिवाळ्यात सळाखीला पाणी घातलं. परतीची तार कुठे गेली, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण नव्या नवरीनं पहिल्याच दिवशी काय काय बोलायचं? ती चपला घालून पाणी घालायची आणि तांब्या लांबून ओतायची. सासूला चपला घाला म्हणाली, तर सुभद्राबाई म्हणाल्या की पाणी घालताना कोणी चपला घालतं का.

होळीनंतर कुलदीपनं कूलर आणला. कूलर लागल्यापासून म्हैस टाक्यावर येईना, ही गोष्ट घरात कोणी जुळवली नाही, कारण कूलर माजघरात आणि म्हैस अंगणात. सीमानं जुळवली. एका दुपारी भारनियमनात लाइन गेलेली असताना म्हैस दावं सोडवून आपण होऊन टाक्याशी आली आणि चारी पाय टाकून निवांत पाणी प्याली. सीमा तेव्हा ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. संध्याकाळी लाइन आल्यावर तिनं पेटीतून टेस्टर काढला, लाकडी पाटावर उभी राहिली आणि सळाखीला लावला. टेस्टरमधली लाल बत्ती लागली. मग टाक्याच्या ओल्या कडेला लावला. तिथेही लागली, थोडी मंद.

तिला आतून भीती वाटली ती त्या वेळी. टाकं भरलेलं, शेजारी मोरी, मोरीत सासू अनवाणी भांडी घासत बसलेली, आणि मातीतून करंट पसरलेला. माती वाळेल तसा तो वाढणार, घरात वस्तू वाढतील तसा वाढणार, आणि एक दिवस कोणाला तरी घेऊन जाणार. ते थांबवण्याचं शिक्षण असलेला एकच माणूस ह्या घरात होता, आणि त्याला कोणी विचारत नव्हतं.

कुलदीपला सांगितलं, तर तो म्हणाला की बाबूजींना मीटरचा विषय आवडत नाही. माणूस वाईट नव्हता. वडिलांसमोर त्याचा आवाज निघत नसे, एवढंच.

शेवटी सीमा स्वतःच सासऱ्यांशी बोलली. म्हैस लाइन नसताना पाणी पिते हेही सांगितलं. महादेवराव म्हणाले की भर दुपारी तहानेनं दगडही पाणी पिईल. तरी त्यांनी देवीदासला बोलावलं, कारण घरात कटकट नको होती. देवीदास आला, ओसरीवर बसला, चहाची बशी तोंडाला लावली. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं जळून चपटी झाली होती आणि तो ती लोकांना हौसेनं दाखवायचा. त्यानं सळाखीला पायातल्या बुटाचं टोक लावलं आणि सीमाकडे पाहून हसला.

"वयनी, मी चालू लाइनीत हात घालतो. तुमी कागदावर शिकल्या, मी खांबावर शिकलो."

सीमा म्हणाली की बूट काढून, पाय ओले करून हात लावा. देवीदासनं बशीतला चहा संपवला. महादेवरावांनी सुनेला आत जायला सांगितलं, पाहुण्या माणसाशी असं बोलतात का म्हणून, आणि देवीदासला पुडीभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या बांधून दिल्या.

मग ती तिवस्याला गेली. कुलदीपला बरोबर चला म्हणाली, त्याला म्हशीसाठी सरकीची ढेप आणायची होती, ती एकटीच एसटीनं गेली. ऑफिसातल्या माणसानं घरचं कोणी पुरुष माणूस आहे का विचारलं. तिनं परवाना टेबलावर ठेवला. त्यानं तो उलटून पाहिला, फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं की हे खरंच तुमचं आहे का. मग म्हणाला, लाइनमन पाठवतो. लाइनमन खरंच आला. पण तो गल्लीच्या तोंडाशीच देवीदासला भेटला, दोघांनी पानठेल्यावर चहा घेतला, आणि लाइनमन मोटरसायकल वळवून परत गेला.

गल्लीत मात्र कळायचं ते कळलं. ढोल्यांची सून तार जोडून घेणार आणि सगळ्यांची मीटरं चालू करणार. हापशीवर बायका सीमाला जागा देईनात. गंगूबाई तोंडावर म्हणाली, "तुया बापाच्या घरी भर न वं बिलं." सीमानं आपली कळशी भरली, चुंबळ नीट केली आणि निघाली. रस्त्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कळशी डोक्यावर असल्यानं पुसता आलं नाही.

अशातच नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. नणंद मंदा, बीए झालेली, मुलगा अचलपूरकडचा, शिक्षक. साक्षगंध घरीच, अंगणात. तिवस्याचे इनायतुल्लाभाई बिछायतवाले मंडप टाकायला आले. त्यांच्याकडे आधी बांबू असत, त्या वर्षी त्यांनी नवे लोखंडी पाइप घेतले होते आणि त्यांना त्याचा फार अभिमान. सीमानं आदल्या दिवशी सासऱ्यांना विनवलं की इनायतुल्लाभाईंचं जनित्र लावा, घरच्या लाइनीवर मंडप नको. महादेवराव म्हणाले की घरात लाइन असताना जनित्राची अक्कल कोणी काढली. त्या आठवड्यात भारनियमनाची पाळी बदलली होती आणि लाइन दुपारीही राहणार होती, त्यामुळे सगळे खूश होते.

साक्षगंधाच्या सकाळी अंगण शेणानं सारवलेलं, वर भरपूर पाणी मारलेलं. टाक्याजवळ पाहुण्यांना हात धुवायची जागा केलेली. दोन मोठे कूलर, गाण्याची खोकी, मंडपाला रंगीत दिव्यांची माळ, आणि हे सगळं देवीदासच्या ताब्यात. त्यानं सळाखीकडे पाहिलं आणि एवढा भार ही ओढणार नाही म्हणाला. मग मंडपाच्या कोपऱ्यातल्या पाइपावर हात मारला. पाइप जमिनीत चांगला खोल गाडलेला होता. परतीची तार ह्यालाच बांधू, सळाखीपेक्षा ह्याची पकड चांगली, असं म्हणून तो तार सोलायला बसला.

सीमा पाहुण्यांसाठी पाटोडीचं बेसन ढवळत होती. तिनं खिडकीतून ते पाहिलं. सगळा मंडप एकमेकांना जोडलेल्या पाइपांचा, खाली ओली जमीन, आणि थोड्या वेळात लेकरं पाइपांना धरून गिरक्या घेणार, बाया पाइपाला टेकून उभ्या राहणार. तिनं हात पदराला पुसले, ओसरीवर आली, मेन स्विच खाली ओढला, आतले चिनीमातीचे पांढरे फ्यूज उपटले आणि कमरेच्या पिशवीत घातले. पिशवी तिनं सकाळीच टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी घालून परकराच्या नाडीला बांधलेली होती. माजघरातला कूलर घरघरत थांबला.

देवीदासनं वर पाहिलं. लाइन गेली का म्हणून कोणीतरी विचारलं. सीमा म्हणाली, "गेली नाई. मी काढली."

महादेवराव धोतर सावरत आले. आधी त्यांना वाटलं की काही बिघाड झाला. मग त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण नेमकं त्याच वेळी अचलपूरकडची जीप फाटकाशी येऊन थांबली होती. व्याही उतरत होते. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. ते दात दाबून म्हणाले, फ्यूज दे.

"नाई देत, मामाजी."

"पाहुन्यायसमोर नाक कापते माहं?"

"पाहुने जित्ते जाऊ द्या वापस. मंग मले काय बोलाचं ते बोला."

देवीदास उठून आला. त्याला हे सगळं आपल्यावर आल्यासारखं वाटत होतं, आणि ते आलेलंच होतं. तो म्हणाला की काका, मी गावातल्या सगळ्या घरांत हात घातला आहे, एक माणूस मेला असेल तर सांगा. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की वयनीनं फ्यूज लावावे, मी पाइपाले हात लावून दाखवतो, नाहीतर वयनीच लावून दाखवा, कोणाचं शिक्षण खरं ते आत्ताच कळेल.

मंडपात माणसं जमली होती. अशा वेळी सगळ्यांना तमाशा हवा असतो. कोणीतरी म्हणालंही की हो, दाखवा, त्यात काय.

सीमा म्हणाली, "अंगावर घेऊन दाखवाची चीज नाई हे. मले पहिल्या दिवशी हेच शिकवलं. चालू लाइनीले हात लावते तो हुशार नाई, त्याले फक्त अजून लागलं नाई."

"कागदानं लाइन येत नाई," देवीदास म्हणाला.

"नाई येत. पन कुठं हात लावाचा नाई ते कागद सांगते. खांब माह्या परवान्यात नाई, मी खांबाले हात लावत नाई. हे घर माह्या परवान्यात हाये. इथं मी असं काम होऊ देनार नाई."

इनायतुल्लाभाई इतका वेळ खुर्च्या पुसत होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि देवीदासच्या हातातली सोललेली तार काढून घेतली. ते म्हणाले, "देवीदासभाई, पाइप मेरे है. इसमें करंट उतरला तर लोक तुमचं नाव नाई घेनार, इनायतुल्लाच्या मंडपात मेला म्हनतील." त्यांनी तारेचं वेटोळं करून जीपच्या पलीकडे ठेवून दिलं.

महादेवरावांना आता कोणाचा तरी राग काढायचा होता. कुलदीप समोर होता. ते म्हणाले, तुझ्या बायकोला सांग, नाहीतर दोघंही निघा इथून. कुलदीपनं सीमाकडे पाहिलं. सीमानं कमरेवर हात ठेवला होता, जिथे पिशवी होती. तो बायकोकडून फ्यूज घ्यायला पुढे झाला नाही, आणि त्याच्या मानानं हे पुष्कळ होतं.

सुभद्राबाई त्या वेळी म्हशीची सकाळची बादली घेऊन मध्येच उभ्या होत्या. नव्या पातळावर पाणी सांडत होतं. साक्षगंध असो की काही असो, म्हशीला पाणी पाजायचंच होतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात राहणार नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी सुनेला विचारलं, "आत्ता लाइन बंद हाये?"

"बंद हाये, आत्याबाई."

"सळाखीत काई नाई?"

सीमानं पिशवीतून टेस्टर काढला. आधी मीटरच्या वरच्या बाजूला, जिथे खांबावरची वीज येऊन थांबली होती, तिथे लावून पाहिला, लाल बत्ती लागली, म्हणजे टेस्टर चांगला होता. मग अंगणात आली, सळाखीला लावला, टाक्याच्या कडेला लावला. बत्ती लागली नाही. मग ती म्हणाली, "काई नाई."

सुभद्राबाईंनी बादली खाली ठेवली आणि म्हशीला सोडून आणलं. पाहुणे बाजूला झाले. व्याह्यांच्या घरची एक बाई नाकाला पदर लावून मागे सरली. मंदा दारातून पाहत होती, हळद-कुंकवाचं ताट हातात घेऊन. महादेवराव म्हणाले की हे काय चाललं आहे, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

म्हैस टाक्याच्या अलीकडे थांबली. कान मागे गेले. सुभद्राबाईंनी दावं ढिलं सोडलं, ओढलं नाही. म्हशीनं एक पाय पुढे टाकला, ओल्या जमिनीवर ठेवला, जरा थांबली. मग दुसरा टाकला. मग मान खाली घातली आणि प्यायला लागली. प्यायली आणि पीतच राहिली. नाकपुड्यांतून पाणी उडत होतं, गळ्याखालून घोट जाताना दिसत होते.

सुभद्राबाई चपला काढून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. रोज जिथे बसून भांडी घासायच्या तिथे, सळाखीला लागून, गुडघ्यापर्यंत पातळ वर घेऊन, ओल्या मातीत. पायांकडे पाहत होत्या. तळव्यांत काही नव्हतं. मुंग्या नाहीत, काही नाही. माती फक्त गार लागत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याशी माणसांसमोर कधी वर तोंड करून बोलल्या नव्हत्या.

"मी सांगत होती तवा वात होता," त्या म्हणाल्या. "म्हशीनं सांगतलं तवा डॉक्टर आला."

महादेवराव काहीतरी बोलायला गेले. सुभद्राबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. सुनेला म्हणाल्या, तार सोड हिची. सीमानं पकडीनं सळाखीवरची तार सोडली, टोक वाकवून चिकटपट्टी लावली. मग सुभद्राबाईंनी सळाख दोन्ही हातांनी धरली आणि हलवायला लागल्या. रोज पाणी पिऊन तिथली माती लोण्यासारखी झाली होती. सळाख आडवी-उभी हलली, बाईनं दम खाल्ला, पुन्हा हलवली. कुलदीप मदतीला पुढे झाला, तर त्याला कोपरानं बाजूला सारलं. सळाख हातभर वर आली, मग अर्धी, मग सगळीच निघाली, बुडाशी मिठानं खाऊन बारीक झालेली. त्यांनी ती नवऱ्याच्या पायाशी टाकली.

"हिले मी पानी घातलं," त्या म्हणाल्या. "लेकराले पाजावं तसं रोज पाजलं. आता ह्या घरात कोनी घालनार नाई."

व्याही, म्हणजे नवरदेवाचे वडील, समजूतदार होते किंवा अडचणीत होते, कोण जाणे. ते म्हणाले की कडुलिंबाची सावली चांगली आहे, कूलरचं काय अडलं. साक्षगंध लिंबाखाली झालं. खोकी वाजली नाहीत, त्यामुळे बायकांनी स्वतः गाणी म्हटली आणि ती बरी म्हटली. जेवताना घामानं सगळे भिजले होते. महादेवराव पंगतीत वाढत फिरले, सुनेजवळून जाताना तोंड फिरवून गेले. देवीदास जेवला नाही. आपली पक्कड आणि तारांचं बंडल उचलून निघून गेला, आणि त्याला थांबा म्हणायला महादेवराव फाटकापर्यंत गेले, पण त्यांनी त्याला आत आणलं नाही.

फ्यूज सीमानं परत लावले नाहीत. नणंद हसली, सासरे बोलले, नवरा समजवायला आला, तिनं एकच सांगितलं की परतीची तार खांबावर जोडली जाईल त्या दिवशी लावीन. तोपर्यंत तिनं घर हातात घेतलं. सकाळी भाकरी झाल्या की लुगड्याचा काष्टा मारून शिडीवर चढायची. जुन्या तारा उंदरांनी खाल्लेल्या, जागोजागी प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून जोडलेल्या. त्या सगळ्या तिनं काढल्या. मोरीतलं बटण काढून बाहेर कोरड्या भिंतीवर नेलं. लोक यायचे, ओट्याखाली उभे राहून वर पाहायचे, बाई शिडीवर चढलेली पाहून एकमेकांना कोपर मारायचे. ती खाली पाहायची नाही, हात थांबवायची नाही. घरासाठी वेगळा अर्थिंगचा खड्डाही तिनं खणवून घेतला, कोळसा-मीठ भरून, टाक्यापासून लांब, परसात, आणि सासूला समजावून सांगितलं की हा चालू लाइनीसाठी नाही, कधी कशात करंट उतरला तर त्याला वाट म्हणून आहे. सुभद्राबाई म्हणाल्या की मला वाटेचं काय सांगते, पानी घालावं लागते का एवढं सांग. सीमा म्हणाली, उन्हाळ्यात घाला कधी, पण चपला घालून.

तिवस्याच्या ऑफिसात ती पुन्हा जाऊन आली. ह्या वेळी कुलदीप बरोबर गेला आणि बाहेर बाकावर बसला. लाइनमन अजून आलेला नाही.

त्यामुळे ढोल्यांचं घर अंधारात आहे आणि बाकी गल्ली उजेडात. दिवेलागणीला सुभद्राबाई ओट्यावर पाय लांब करून बसतात. कंदील लावतात, नाहीतर तोही लावत नाहीत. पोटऱ्या दाबायला लागत नाहीत आता, सवयीनं हात जातो तेवढाच. म्हैस टाक्याशी उभी असते. महादेवराव ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर बसून असतात. त्या दिवसापासून त्यांनी वाताचं नाव काढलेलं नाही.

अशाच एका संध्याकाळी लाइन आली. गल्लीत बत्त्या लागल्या, मंद, पिवळ्या. गंगूबाई तांब्या घेऊन बाहेर आली, अनवाणी, तिच्या सळाखीकडे निघालेली. जाता जाता म्हणाली की सुभद्राबाई, किती दिवस बसता अशा अंधारात, सुनेच्या नादी लागून.

सुभद्राबाईंनी पायाची घडी बदलली.

"बसतो वं," त्या म्हणाल्या. "पायाले बरं वाटून राहिलं." मग म्हणाल्या, "गंगूबाई, तुये पाय दुखते का?"

गंगूबाई काहीतरी फटकन बोलणार होती. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग सळाखीकडे पाहिलं. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला, आणि तिच्या घरातली बत्ती हळूहळू मंद होत गेली.